उरलेल्या भाकरीचा मान

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील बंधुभगिनींपुढे झालेले भाषण)



अशा मंगलप्रसंगी धर्मगुरूने स्वयंपाकघराविषयी बोलावे, हे काहींस विलक्षण वाटेल. परंतु पाच हजारांच्या भोजनाचा वृत्तांत देताना संत योहान चमत्कारापाशीच थांबत नाही. जवाच्या पाच भाकरी व दोन मासे यांनी लोक तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे वेचावयास लावले व त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हेही तो आवर्जून सांगतो. ज्याच्या हाती भाकरी वाढली, त्याला तुकड्यांची काय वाण होती? तथापि त्याने ते वाया जाऊ दिले नाहीत.

आपल्या हिंगोलीच्या मुलखात ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे कुटके करण्याची रीत जुनी आहे. अलीकडे तरुण मंडळी त्यांस नाक मुरडतात. हे केवळ जिभेचे चोचले नव्हेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांना गावकीच्या कामाबद्दल दारोदारचे शिळे तुकडे मिळत. ते दुरून पदरात टाकले जात. ती जखम घराण्यांच्या स्मरणात आहे. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टे तुकडे न स्वीकारण्याचा उपदेश केला, तो सर्वथा योग्यच होता.

परंतु उष्टे निराळे आणि उरलेले निराळे. दुसऱ्याने तुच्छतेने टाकलेला तुकडा माणसाचा अपमान करतो. स्वकष्टाच्या धान्याची, आपल्याच हातांनी थापलेली भाकरी मात्र रात्र उलटली म्हणून हीन होत नाही. ती उकिरड्यावर टाकणे हा शेतकऱ्याच्या घामाचा व देणाऱ्या परमेश्वराचा अनादर होय.

आता कृतीविषयी थोडे. कुटक्यांस ताजी भाकरी चालत नाही. तिचा गोळा होतो. रात्रभरात भाकरीतील पिष्ट घट्ट होते, म्हणून सकाळी ती हाताने मोकळी कुस्करता येते. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, कांदा, मिरची व आपल्या वसमतची हळद घालून फोडणी करावी; कुस्करा व मीठ घालून ताकाचा अथवा पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून वाफ आणावी. वरून शेंगदाण्याचा कूट व कोथिंबीर पेरावी. वरणाशेजारी वा रश्शाशेजारी हे कुटके उत्तम तोंडीलावणे होतात.

हे केवळ गरिबाचे अन्न आहे, असेही समजू नये. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याची शिळी भाकर अशीच कुस्करतात. तीत कांदा, अंडी व मांसाचा रस्सा मिसळून ती भट्टीत भाजतात. नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी, परमेश्वराचे आभार मानण्याच्या त्यांच्या सणात, हा पदार्थ मुख्य पक्वान्नाशेजारी मानाने वाढला जातो.

साठवणीत मात्र दक्षता हवी. गरम भाकरी डब्यात कोंडू नये. घाम धरून तिला बुरशी येते. ती निववून स्वच्छ कापडात गुंडाळून टोपलीत ठेवावी. अधिक दिवस टिकवावयाची असल्यास तुकडे उन्हात कडकडीत वाळवून, निववून, कोरड्या डब्यात भरावे. बुरशीचा ठिपका दिसल्यास तेवढाच भाग कापून उर्वरित भाकर खाऊ नये. ती सबंध टाकावी. तयार कुटके दोन तासांपलीकडे उघड्यावर राहू देऊ नयेत, आणि पारा 32 अंशांवर असता एका तासापलीकडे नाही. शीतपेटी असल्यास ते पसरट भांड्यात ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना वाफा निघेपर्यंत गरम करावे. शीतपेटी नसेल तेथे लागतील तेवढेच करावे.

शेवटी एकच नियम सांगतो. उरलेली भाकर आपण खावी. दारी आलेल्यास ताजी द्यावी. याच जिल्ह्यातील नर्सीच्या नामदेव महाराजांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे : कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मग परमेश्वराच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसास आपण आंबलेला तुकडा द्यावा काय? आमच्या वडिलांच्या पदरात जे पडले, ते आमच्या हातून कोणाच्याही पदरात पडू नये.

आज महोत्सवाची पंगत बसेल. पानात हवे तेवढेच घ्यावे. जे पातेल्यांत शुद्ध उरेल, ते ऊन असतानाच ज्यांच्या घरी आज चूल पेटली नसेल त्यांच्याकडे आदराने पोहोचवावे. आणि टोपल्यांत उरलेल्या भाकरी आपण वाटून घरी न्याव्यात. उद्या सकाळी धर्मग्रामातील प्रत्येक घरात, माझ्याही घरात, कुटक्यांची फोडणी व्हावी.

प्रभू आपल्या अन्नास व आपल्या हातांस आशीर्वाद देवो. आमेन.