साखर, सुई आणि समुद्र
(मॉरिशसमधील मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान)



1961 साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने तुमच्या बेटावर अहवाल लिहिला. मलेरिया हटला होता, लोकसंख्या भराभर वाढत होती आणि साऱ्यांच्या पोटाला आधार एकाच पिकाचा, उसाचा. शांततेने विकास होण्याची आशा फारशी नाही, असं त्यांचं मत पडलं. मीड यांना पुढे 1977 साली नोबेल मिळालं. त्यांचं इथलं भाकीत मात्र तुमच्या आया-आज्यांनी खोटं पाडलं. आज मॉरिशसच्या उत्पन्नातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा सेवा उद्योगांचा आहे : हॉटेलं, बँका, बंदर, वाहतूक, दूरसंचार.

आया-आज्यांचं नाव मी मुद्दाम घेतलं. 1970 साली निर्यातीसाठी कारखाने काढणाऱ्यांना सवलती देणारा कायदा झाला आणि कपड्यांचे कारखाने आले. तिथे शिवणयंत्रावर बसल्या त्या बहुतेक बायकाच. 1980च्या सुमारास इथे पाचातला एक माणूस बेकार होता. दहा वर्षांत बेकारी जवळजवळ सरली. घरात दुसरा पगार येऊ लागला. माध्यमिक शिक्षण 1977पासून मोफत झालेलं होतं, त्यामुळे मुलगी शाळेत टिकली. पुढे हॉटेलात, बँकेत, विमानतळावर कामाला लागली ती याच घरांतली पिढी. तिकडे 1975च्या करारामुळे युरोपात साखरेला खात्रीचा, चढा भाव मिळत होता. मळेवाल्यांनी त्यातला पैसा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत घातला. म्हणजे पर्यटनाला भांडवल उसाने पुरवलं आणि माणसं शाळेने.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो, कारण आमच्याकडे भारतात ही कारखान्यांची मधली पायरी गळली. भारताच्या उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. पण काम करणाऱ्या दहा माणसांतली जेमतेम तीन त्यात आहेत. चाराहून अधिक अजून शेतीवरच आहेत, आणि शेतीच्या वाट्याला उत्पन्न येतं पाचव्या हिश्शाहूनही कमी. पुण्यात 1981 साली इन्फोसिस ही संगणक कंपनी सुरू झाली. आज तिथल्या हिंजवडीतले अभियंते साऱ्या जगाचं काम करतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दहावीपर्यंत शिकलेल्या मुलीला गावापासून तासाभराच्या अंतरावर नियमित पगाराचं काम मिळावं, एवढी साधी सोय आम्ही पुरेशी केली नाही. संगणकाची नोकरी तिच्यापर्यंत पोचत नाही. देश वाढतो आणि ती जिथल्या तिथे राहते.

सगळ्याच सेवा सारख्या मोलाच्या, असंही मी मानत नाही. 1983च्या भारत-मॉरिशस कर-करारामुळे भारतात येणारी कितीतरी परदेशी गुंतवणूक पोर्ट लुईमार्गे येत होती. 2016 साली करार बदलला आणि 1 एप्रिल 2017पासून घेतलेल्या समभागांवरच्या नफ्यावर भारत कर लावू लागला. करातल्या फरकावर उभा राहिलेला धंदा दुसऱ्या देशाच्या एका सहीने हलतो. पर्यटनालाही घाव बसतोच : 2020 साली सीमा बंद झाल्या आणि तुमची अर्थव्यवस्था सुमारे सातव्या हिश्शाने आक्रसली. पण पाहुणे परत आले तेव्हा स्वयंपाकी, वाटाडे, नावाडी यांच्या हातातलं कसब शाबूत होतं. म्हणून देशाने पैसा आणि कष्ट आधी अशा कसबावर खर्चावेत, असं मला वाटतं.

तुमच्यातल्या अनेकांचे पूर्वज कोकणातून आले. त्या कोकणातला सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण तिथल्या चिपीच्या विमानतळावरून नियमित विमान उडायला 2021चा ऑक्टोबर उजाडला. तेवढ्या काळात तारकर्ली-मालवणच्या लोकांनी आपल्याच घरांत न्याहारी-निवासाची सोय केली, पाहुण्याला सोलकढी-माशांचं जेवण वाढलं. ही मालकी गावाची आहे, आणि ती गावाचीच राहावी असं मला मनापासून वाटतं. उणीव आहे ती शिक्षणाची : हिशेब, परकी भाषा, स्वच्छता, समुद्रातली सुरक्षितता. हे सारं शिकवणाऱ्या संस्था तुमच्याकडे आहेत. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलामुलींना तुमच्या हॉटेलांत वर्षभर काम करत शिकता येईल का, याचा मंडळाने विचार करावा. तिकडच्या महाविद्यालयांशी बोलायची जबाबदारी मी घेतो.