मोडीत जाण्यापूर्वी

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्यात येऊन भांड्यांविषयी बोलणे म्हणजे वैनगंगेच्या काठी उभे राहून पाण्याची महती सांगण्यासारखेच आहे. रतनपूर येथील इसवी सन ११०० च्या शिलालेखात या गावाचा उल्लेख ‘भाणारा’ असा आढळतो, आणि ‘भाण’ म्हणजे पितळ असा त्या नावाचा अर्थ लोक पिढ्यान् पिढ्या लावीत आले आहेत. अर्थ खरा असो वा नसो, पितळी भांड्यांनी या गावाचे नाव दूरवर पोहोचविले, हे निश्चित.

या व्यवसायात ‘मोड’ हा शब्द नित्याचा. चेपलेली, गळकी, काठ फाटलेली भांडी दुकानी न्यावयाची, त्यांचे वजन करावयाचे, मोडीचा भाव वजा घालून वरचे पैसे द्यावयाचे आणि नवे भांडे घेऊन घरी परतावयाचे. जुने पितळ मुशीत जाते, वितळते आणि नव्या रूपाने पुन्हा कोणाच्या तरी घरी येते. या काटकसरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. धातू वाया जात नाही, हे या व्यवहाराचे मोठेपणच आहे. मात्र धातूबरोबर आणखीही काही वितळते. लग्नात आलेल्या गुंडावर आहेर करणाऱ्याचे नाव घातलेले असते. कोठे गाव असते, कोठे तिथी किंवा साल असते. पूर्व विदर्भात ज्याला गुंड आणि गंज म्हणतात, त्यांनाच पश्चिमेकडे घागर आणि पातेले म्हणतात. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघर पोहोचले, तेव्हा भांडे बदलले एवढेच झाले नाही. त्याचा आकार गेला, त्यावरचे नाव गेले, आणि आता त्याला हाक मारण्याचा शब्दही जाऊ पाहत आहे.

अशा मोडीत निघालेल्या संसारातून एका माणसाने संग्रहालय उभे केले. ते पुण्यात बाजीराव रस्त्यानजीक आहे, आणि ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावाने सर्वश्रुत आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा, ओढ मात्र कवितेची आणि इतिहासाची. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते काव्यलेखन करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला. पुढील आयुष्यभर वाडे, खेडी आणि आडबाजू धुंडाळून, घरोघरच्या माळ्यांवर आणि अडगळीत पडलेल्या वस्तू त्यांनी पदरमोड करून गोळा केल्या. पत्नी कमलाबाई यांचा या खटाटोपात वाटा होता. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा बालपणीच निवर्तला. त्याचेच नाव या संग्रहाला देण्यात आले. १९६२ साली संग्रहालयाला रूप आले आणि १९७५ साली केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

संग्रहालय म्हटले की तलवारी, सिंहासने आणि राजमुद्रा पाहावयाच्या, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. शस्त्रे येथेही आहेत, आणि कोथरूड येथून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. परंतु पाहुण्याचे पाय रेंगाळतात ते अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पानाचे डबे, फण्या आणि शेवयांचे साचे यांच्यापाशी. सुपारी कातरण्यास दोन पाती आणि एक खीळ एवढे पुरेसे असते. तरी लोहाराने त्या पात्यांना पोपटाचा आकार दिला, घोड्याचा दिला, कोठे नवरा-नवरी शेजारी उभी केली.

त्याहूनही लक्षणीय वस्तू म्हणजे वजरी. टाचा घासण्याचे हे साधन न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या घंगाळाशेजारी पडून राहावयाचे. पाहुण्यारावळ्यांनी पाहावे अशी ही वस्तू नव्हे. असे असूनही तिच्या खरखरीत तळावर पक्षी बसविलेले, हत्ती उभे केलेले दिसतात. काही वजऱ्यांच्या पोकळीत खडे असतात आणि घासताना त्या वाजतात. ज्या वस्तूकडे तिच्या मालकिणीवाचून कोणी पाहणार नाही, तिच्यावर एवढे श्रम का घेतले गेले असावेत? दरबारी कलेत आश्रयदाता असतो, बक्षिसी असते. येथे कारागिराचे नावही मागे राहिलेले नाही. लोककला म्हणून जिचा गौरव समारंभातून होतो, तिचे हे खरे घर आहे, आणि ते न्हाणीघराइतके साधे आहे.

संग्रहात सुमारे २० हजार वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडता आल्या आहेत. म्हणजे आठ वस्तूंमागे एक. एका माणसाच्या छंदाने केवढे वाचविले, याचा अंदाज या प्रमाणावरून येतो.

भांड्यांपुरतेच बोलावयाचे तर अहमदाबाद येथे ‘विशाला’च्या आवारात सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली निव्वळ भांड्यांचे संग्रहालय उभे केले आहे. चंडीगढच्या नेकचंद यांची गोष्ट याहून निराळी. सार्वजनिक बांधकाम खात्यातील हा रस्ता निरीक्षक १९५७ पासून रोजचे काम आटोपल्यावर फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेची निकामी साधने आणि सायकलींचे सांगाडे वाहून नेई, आणि राखीव सरकारी जमिनीवर गुपचूप त्यांच्या मूर्ती घडवी. केळकरांनी वस्तू जशीच्या तशी जपली. नेकचंदांनी तिच्या तुकड्यांतून माणसे आणि पशुपक्षी उभे केले. सुमारे अठरा वर्षांनी हे काम अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले. नियमाप्रमाणे ते अतिक्रमण होते, आणि नियमांची पुस्तके त्या वेळीही होतीच. तथापि प्रशासनाने १९७६ साली ते उद्यान लोकांसाठी खुले केले, नेकचंदांना त्याच कामावर नेमले आणि हाताखाली मजूर दिले. अधिकारी वर्गाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मूर्तींच्या मूल्याविषयी मतभेद होऊ शकतील. त्या दिवशी त्या फायलीवर झालेल्या निर्णयाविषयी होणार नाहीत.

भंडाऱ्यात पुणे किंवा चंडीगढ उभारावे, असा याचा अर्थ नाही. मोठ्या इमारतीची मागणी करून अनुदानाची वाट पाहत बसणे हा तर या कामी सर्वांत लांबचा रस्ता. शाळेतील एक कपाट आणि एक नोंदवही यांवर प्रारंभ होऊ शकतो. बुरडाने विणलेली धान्याची ढोली, तलावात मासे धरण्याचा बांबूचा सापळा, १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे रूढ झाली तेव्हा निरुपयोगी ठरलेली पायली, दंडारीत वापरलेले मुखवटे, तान्हा पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल, यांतील काही ना काही या जिल्ह्याच्या खेड्यांत अद्याप सापडेल. वस्तू मालकाने दिली तर उत्तम. न दिल्यास तिचे छायाचित्र आणि माहिती पुरे. वस्तूचे झाडीबोलीतील नाव, ते सांगणाऱ्याचे नाव, कोणी घडविली, कशासाठी वापरली आणि वापर केव्हा थांबला, एवढे लिहिल्याशिवाय मात्र कोणतीही वस्तू कपाटात ठेवू नये. माहितीविना ठेवलेली वस्तू ही कपाटात हलविलेली अडगळच होय.

उत्साहाच्या भरात कायद्याचा विसर पडू नये. जमिनीत पुरलेले नाणे, मूर्ती वा भांडी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे आवश्यक आहे. ते शाळेच्या कपाटात ठेवावयाचे नसते. १९६९-७० मध्ये पवनी येथील उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. ज्या जिल्ह्याच्या भूमीत असे काही दडलेले आहे, तेथे ही दक्षता अधिकच घ्यावयास हवी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या तरतुदी लागू होतात, हेही ग्रामसेवकांनी जाणून असावे.

दुसरी सूचना किरकोळ वाटेल. जुने पितळ हाती आले की राख आणि चिंच घेऊन ते लख्ख करण्याचा मोह अनावर असतो, आणि विद्यार्थ्यांना तर हे काम फार आवडते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने टिंबाटिंबांनी घातलेली नावे आधीच पुसट झालेली असतात. तेव्हा भांडे घासावयाचे ते नंतर. प्रथम ते तिरप्या उन्हात धरावे, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलकेच घासावे. अक्षरे कागदावर उठतात. नाव, गाव, साल जसे असेल तसे, अशुद्ध लेखनासह, वहीत उतरवून घ्यावे. मोडीचे भांडे घेणारे दुकानदारही या कामी साहाय्य करू शकतील. तराजूत टाकण्यापूर्वी भांड्यावरचे नाव वाचावयास दोन मिनिटे लागतात, आणि भांडे नंतर मुशीत गेले तरी वहीतला कागद राहतो.