फोनवरचा पोलीस



व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस येतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणतो आणि घरातल्या घरात ‘डिजिटल अरेस्ट’ करून पैसे उकळतो. आपण लगेच विचारतो, “एवढी शिकलेली बाई फसली कशी?” मला तर वाटते, कायद्याचा धाक सरळ माणसालाच असतो, म्हणून तोच फसतो.

अमेरिकेत येल विद्यापीठात १९६१ साली स्टॅन्ली मिलग्रम यांनी एक प्रयोग केला. पलीकडच्या माणसाचे उत्तर चुकले की त्याला विजेचा झटका द्यायचा. झटके खोटे होते, परंतु देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जण थेट ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. का, तर करड्या कोटातला एक गृहस्थ ‘पुढे चालू ठेवा’ म्हणत होता!

गणवेशाचेही तेच. पण खरी मेख पुढेच आहे. “फोन बंद करू नका, कुणाला सांगू नका,” असे तो बजावतो. विचाराला उसंत नाही, आणि घरचे काय म्हणतील या लाजेने तोंड आपोआप बंद. हे कुलूप आपल्या ओळखीचे आहे, नाही का?

आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. तेव्हा फोन खुशाल बंद करावा आणि शेजारणीचे दार वाजवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. ते पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येतात. आणि शेजारणीने “फसलीस कशी?” म्हणू नये, आधी तो क्रमांक लावून द्यावा.