आपल्या वाड्यातली माणसं



मी सॉफ्टवेअरमधली बाई. तरी आयोजकांनी मला साहित्यावर बोलायला लावलं, म्हणून मी आपल्याच जिल्ह्यातला लेखक निवडला : महेश एलकुंचवार. जन्म १९३९ चा, गाव पारवा.

ते नागपूरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. एकदा सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, म्हणून विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ बघायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि मग स्वतः लिहायला लागले. १९६७ साली ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली. पुढे ‘होळी’त कॉलेजची पोरं आली. म्हणजे शिकवता शिकवता जे दिसलं, तेच लेखनात उतरलं. नंतर त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनही शिकवलं.

पण आपल्याला जवळचं वाटतं ते १९८५ चं ‘वाडा चिरेबंदी’. वडील गेले म्हणून मुंबईचा सुधीर गावी येतो. वाडा सांभाळत बसलेला भास्कर तिथंच असतो. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. आणि शिकायची हौस असून घरच्यांनी शिकू न दिलेली प्रभा आहे. ही माणसं आपल्यासारखंच वऱ्हाडी बोलतात.

मंडळी, आज या मांडवात आपण पुण्या-मुंबईहून आलेले सगळे सुधीर आहोत. दारव्ह्यात राहून शेती, दुकान, म्हातारे आईवडील सांभाळणारे आणि आजचा कार्यक्रम उभा करणारे भास्कर आहेत. आणि प्रभा? मी इंजिनीअर झाले. माझ्याइतक्याच, काही तर माझ्याहून हुशार मुली आपल्या वर्गात होत्या. दहावीनंतर त्यांची लग्नं झाली. त्यांच्यापैकी काही जणी आज समोर बसल्या आहेत. त्यांची गोष्ट कोणी लिहिली?

एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’ नाटकात एक म्हातारा नामवंत लेखक एका तरुण अभ्यासक मुलीला आपलं चरित्र सांगतो. पण त्याच घटना त्याच्या आयुष्यातल्या बायकांना वेगळ्याच आठवतात. मला वाटतं, चरित्राला एकाची आठवण पुरते. गोष्ट लिहायची तर सगळ्यांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात, जुळल्या नाहीत तरी.

म्हणून माझी एकच विनंती. स्मरणिकेची पानं अजून छापायची आहेत. मोठ्या पगाराच्या, परदेशातल्या मुलांचे परिचय त्यात येतीलच. पण शाळा सुटल्यावर इथंच राहिलेल्यांनी आणि ज्यांचं शिकणं राहिलं त्या मैत्रिणींनी दोन-दोन पानं लिहावीत. ‘काहून लिहू, माझ्याजवळ काय आहे?’ असं म्हणू नका. शुद्धलेखनाची काळजी नको. बोलता तसं, वऱ्हाडीत लिहा. लिहायला सवड नसेल तर सांगा, मी टाइप करून देते. तेवढं मला येतं.