हातकरवतीनें रूळ कापतांना



आंबेगांव तालुक्यांतील पेठ हें माझें गांव. जुन्नर-आंबेगांवांत अद्याप आगगाडी आलेली नाहीं. तरीहि धातु तापल्यानें प्रसरण पावतो, म्हणून रुळांच्या सांध्यांत फट ठेवितात, हा धडा मीं तीस वर्षें फळ्यावर शिकविला. मुलांनीं तो पाठ केला. रूळ मात्र त्यांतल्या थोड्यांनींच पाहिला होता.

निवृत्तीनंतर पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं उभारलेलें, १९९८ सालीं खुलें झालेलें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहिलें आणि मनानें छंद घेतला. एकास सत्याऐंशी प्रमाणाची गाडी व मीटर-मीटर लांबीचे रूळ आणविले. दोन रुळांतील अंतर अवघें १६·५ मिलिमीटर! तांबें, जस्त व निकेल यांच्या या मिश्रधातूस निकेल-सिल्व्हर म्हणतात. चांदी त्यांत नांवापुरतीच.

ओसरीच्या मापानें रूळ कापणें प्राप्त झालें. विजेचें यंत्र नव्हतें, तें एका परी बरेंच. त्याच्या चक्रानें रूळ तापून खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळण्याचें भय असतें. सोनाराची बारीक पात्याची करवत घ्यावी. दांते मुठीकडे वळलेले असावेत, म्हणजे पातें ओढतांना कापतें. लांकडी ठोकळ्यास रुळांच्या मापाच्या दोन खांचा पाडून तो वरून दाबून धरावा. रूळ मग उखडत नाहींत. कापतांना खुणेच्या किंचित बाहेर राहावें. अधिक राहिलेलें कानशीनें घांसतां येतें, उणें झालेलें जोडतां येत नाहीं. शेवटीं कड गुळगुळीत करावी, नाहींतर चाक अडखळतें.

मीं सारे सांधे मोठ्या अभिमानानें घट्ट बसविले. वैशाखांत पत्र्याखालची ओसरी तापली, सरळ मार्गास बांक आला आणि गाडी कलंडली. शेजारचा सातवींतला मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, फट ठेवायची राहिली का?"

मीटरभर रूळ २५ अंशांनीं तापला, तर सुमारें ०·४ मिलिमीटर वाढतो. हें गणित मला येत होतें. हाताला मात्र ठाऊक नव्हतें. मीं करवत त्या मुलाच्या हातीं दिली व स्वतः ठोकळा धरून बसलों. सांध्यांत त्यानें पोस्टकार्डाच्या दुहेरी घडीएवढी फट ठेविली. पुढच्या उन्हाळ्यांत मार्ग जागचा हलला नाहीं.

आतां मला इतकेंच वाटतें, तीस वर्षें खडूसोबत एक करवतहि वर्गांत न्यावयास हवी होती.