एका घरात दोन श्रद्धा

धर्मावरून घरात खटके उडू लागले की आपल्याला दोनच वाटा दिसतात. समोरच्याचं मन वळवायचं, नाही तर संबंध तोडायचे. तिसरी वाट अवघड आहे, पण ती चालून गेलेलं एक जोडपं आपल्या नाशिकशी जोडलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळक जवळच्याच जलालपूरच्या, कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय एकट्याचा, भोग दोघांचे. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पत्रव्यवहार मात्र तुटला नाही. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, त्याही आपलं सोवळं सोबत घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, आणि टिळकांनी ते चालू दिलं. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वेगळं पाणी. देव कोणाचा खरा, हा प्रश्न दोघांनी तसाच राहू दिला. कोणी कुठं जेवायचं एवढं आधी ठरलं आणि मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला.

कोणी म्हणेल, १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, म्हणजे अखेर नवऱ्याचंच खरं झालं. त्या काळच्या बाईला दुसरा आधार तरी कोणता होता? हा आक्षेप खोटा नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना दिसतं की त्यांच्या मनातला जातिभेद आधी गळाला, धर्मांतर त्यानंतर आलं. आणि नवऱ्याच्या लहरीपणाबद्दल त्या मोकळेपणानं लिहितात. त्यांची बुद्धी कोणाकडे गहाण पडलेली नव्हती.

दुसरा आक्षेप असा, की सांभाळून घेणं म्हणजे स्वतःशी खोटं वागणं. तसं व्हायलाच हवं असं नाही. समजा, वडिलांचा दहावा रामकुंडावर व्हावा असा थोरल्याचा आग्रह आहे आणि धाकट्याचा त्यावर विश्वास नाही. धाकट्यानं सोंग आणू नये. “पिंडदान मी करणार नाही, पण आईला घेऊन घाटावर येईन, शेवटपर्यंत थांबेन,” असं त्यानं आदल्या दिवशीच सांगावं. थोरल्यानं ते भाऊबंदांसमोर काढू नये, आणि कावळा शिवायला उशीर झाला तर त्याचं खापर धाकट्यावर फोडू नये.