गोष्टीतले विष आणि अंगणातले विष

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु घरातली मुले जी गोष्टींची पुस्तके वाचतात, ती मीही वाचते आणि झाडापाल्याची मला पहिल्यापासून हौस आहे. म्हणून या दोहोंना जोडणारा विषय आज घेतला आहे.

गोष्टींच्या जगात विष स्वतःची ओळख करून देते. लुईस कॅरलची ॲलिसची गोष्ट १८६५ साली छापली गेली. त्यात ॲलिसला एक बाटली सापडते. ती शहाणी मुलगी आधी बाटलीवर ‘विष’ असे लिहिले आहे का ते पाहते. लिहिलेले नसते, म्हणून पिऊन टाकते! हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात मँड्रेक नावाचे रोप आहे. उपटले की ते असे किंचाळते की ऐकणारा मरावा. म्हणून मुले कान झाकून घेतात. आणि चित्रातली विषारी छत्री तर नेहमी लालभडक, वर पांढरे ठिपके.

यातले मँड्रेक खरोखरच आहे. ते भूमध्य समुद्राकडचे, आपल्या धोतऱ्याच्याच कुळातले. मूळ माणसाच्या दोन पायांसारखे फुटते, म्हणून त्याच्याविषयी दंतकथा झाल्या. ते विषारी आहे. पण किंचाळत मात्र नाही. भगिनींनो, माझे सांगणे एवढेच आहे. अंगणातले विष ओरडत नाही आणि त्याच्यावर चिठ्ठीही नसते.

आपल्या दारचीच झाडे पाहा. कुंपणाला चंद्रज्योत असते. तिलाच कोणी मोगली एरंड म्हणतात. गुरे खात नाहीत म्हणून ती लावतात. तिच्या बिया मुलांना शेंगदाण्यासारख्या गोड लागतात. एकाने खाल्ली की सगळे खातात आणि मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. तिच्या बियांनी मुले खेळतात. पण ती बी चावून पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. गुंज दिसायला किती देखणी! अख्खी गिळली तर टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गिळली, तर मात्र ती जिवावर बेतू शकते.

गणपतीच्या पत्रीत धोतरा, रुई, कण्हेर असतातच. देवाला वाहावे, त्यात वावगे काही नाही. परंतु पत्री खुडायला आपण लहान मुलांना पाठवतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. धोतऱ्याचे बी पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस बरळू लागतो. म्हणून पत्री मोठ्यांनी खुडावी, नंतर हात साबणाने धुवावेत आणि निर्माल्य मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आता अळंबीविषयी. चित्रातली लाल छत्रीही खरी आहे. ती थंड मुलखात उगवते. पण जगात अळंबीने जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक एका साध्या, फिकट हिरवट छत्रीने होतात. म्हणजे रूपावरून काही कळत नाही. चांदीचा चमचा काळा पडला तरच विष, किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली, लसूण घालून शिजवली की झाले, हे सारे समज खोटे आहेत. त्या छत्रीचे विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग ओकाऱ्या होतात, मध्ये बरे वाटते आणि तोवर आतून यकृत नासत असते. तेव्हा रानातली अळंबी नीट ओळखत नसाल तर आणू नका. लागवडीची धिंगरी बाजारात मिळते, ती करावी.

एवढे जपूनही कोणी काही खाल्लेच, तर तोंडातले उरलेले काढून टाका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. “बघू या संध्याकाळपर्यंत” असे म्हणू नका. काय खाल्ले, केव्हा खाल्ले ते ध्यानात ठेवा, त्या झाडाची फांदी किंवा बी बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

हे ऐकून घरी जाऊन झाडांवर कोयता चालवू नका. झाडांचा काही दोष नाही. गुंजेने पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले, एरंडाच्या बीत विष असूनही त्याच्या तेलाने आपल्याला औषध दिले. फक्त आपल्या मुलांना आणि नातवंडांना हाताशी धरून प्रत्येक झाड नावानिशी दाखवा: “ही बिट्टी, खेळ पण तोंडात घालू नको.” गोष्टीतल्या बाटलीवर जी चिठ्ठी असायची, ती अंगणात आपणच वाचून दाखवायची आहे.